चावला की वाढणारा गुंड्या

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात येसू नावाची बुरडीण राहायची. बांबूच्या टोपल्या विणायची, सुपं विणायची. घरात एकटीच. एकदा ती बांबू तोडायला रानात गेली, तर तिथं एक कुत्र्याचं पिल्लू कुंई कुंई करत बसलेलं. जवळ ना आई, ना भावंडं. येसूनं त्याला पदरात घेतलं आणि घरी आणलं. नाव ठेवलं गुंड्या.

पण हे पिल्लू साधं नव्हतं, बरं का. ते चावलं की वाढायचं.

पहिल्यांदा खेळता खेळता त्यानं येसूचं बोट चावलं. येसूला हसू आलं. तिनं बोट ओढलं, त्यानं पुन्हा धरलं. आणि सकाळी बघते तर काय, गुंड्या शेळीएवढा झालेला.

मग त्यानं शेजारच्या धोंडू कुंभाराची पोटरी धरली. धोंडूनं काठी हाणली. गुंड्यानं पोटरी सोडून त्याचा हातच धरला. आणि बघता बघता वासराएवढा झाला.

मग गावकऱ्यांनी त्याचं तोंड दोरीनं आवळलं. दिवसभर तो गुरगुरत राहिला. संध्याकाळी दोरी तुटली, आणि ज्यानं ती बांधली त्याच्याच खांद्यात दात रुतले. आता गुंड्या बैलाएवढा. लोकांनी दारं लावून घेतली. गोठ्यात गुरं हंबरायला लागली.

राजाच्या कानावर गेलं. त्यानं आपला भालेकरी पाठवला, रायाजी. रायाजी येसूला म्हणाला, "बाई, दिवस मावळेपर्यंत थांबतो. पुढं माझा इलाज नाही."

"लहान आहे हो तो," येसू म्हणाली.

रायाजीनं मान वर करून गुंड्याकडे पाहिलं.

येसू पारावर जाऊन बसली. समोर गल्लीतल्या कुत्रीची पिल्लं खेळत होती. एकानं दुसऱ्याचा कान करकचून धरला. दुसरं केकाटलं आणि पाठ फिरवून निघून गेलं. चावणारं एकटंच उभं राहिलं. मग हळूच जवळ गेलं, आणि या वेळी कान अलगद धरला. येसू बघतच राहिली. गुंड्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी हसलं, कुणी मारलं, कुणी बांधलं. दुखतं, एवढंच सांगायचं राहिलं.

ऊन उतरलं होतं. येसू उठली, अंगणात गुंड्यापाशी गेली आणि तिनं हात पुढं केला. रायाजीनं भाला उचलला.

गुंड्यानं मनगट धरलं. रक्त आलं, कळ पार डोक्यात गेली. येसूनं हात ओढला नाही. "आई गं," म्हणाली, आणि दात सुटले तशी पाठ फिरवून उभी राहिली. मागं गुंड्या आणखी हातभर वाढला. त्याचा गरम श्वास तिच्या मानेवर येत होता.

"बाई, बाजूला व्हा," रायाजी म्हणाला.

येसू हलली नाही. मग वळली, पुन्हा हात दिला. दात लागले, पण रक्त आलं नाही. "आई गं." पुन्हा पाठ. मागून बारीकसा कुंई असा आवाज आला. या वेळी गुंड्या वाढला नाही.

सूर्याची कड तेवढी उरली होती. येसूनं तिसऱ्यांदा हात दिला. गुंड्यानं जबडा उघडला. रायाजीनं नेम धरला. ते एवढाले दात तिच्या हातावर टेकले, थांबले, आणि बाजूला झाले. मग गुंड्यानं तो हात चाटला. पार कोपरापर्यंत चाटला. येसूनं बांबूचा जाड तुकडा त्याच्यापुढं टाकला. "चावायचं ते हे," म्हणाली. गुंड्या कराकरा चावत बसला. येसू मटकन खाली बसली, आणि मग तिला रडू आलं.

रायाजीनं भाला भिंतीला टेकवला. भीत भीत आपलाही हात पुढं केला. तोही ओला झाला.

गुंड्या काही परत लहान झाला नाही. पण त्याचा दात पुन्हा कुणाला लागला नाही. येसू सुखात राहिली, गुंड्या सुखात राहिला, गावातली दारं उघडी राहायला लागली. आता मिटा बघू डोळे. पांघरूण नीट घ्या, आणि निजा.