दिवाणजींची गादी फाटकाबाहेर

करंजगडच्या दिवाणांना, त्रिंबकरावांना, राजवाड्यामागची आमराई तोडून तिथे टेनिसचं मैदान करायचं होतं. त्यांनी महाराजांच्या मनात भरवलं की झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो प्रकृतीला घातक असतो. महाराज घाबरले. रात्री हा वायू सोडणारं काहीही आवारात राहता कामा नये, असा त्यांनी हुकूम सोडला.

आमराई मैनाराणींनी हौसेनं लावलेली. हुकूम ऐकून त्यांना आधी रडू आलं. मग त्यातले शब्द नीट आठवले आणि हसू आलं.

दिवाणजी राजवाड्याच्या आवारातच मुक्कामाला असत. संध्याकाळी येऊन पाहतात, तर त्यांची झोपायची गादी फाटकाबाहेर.

"राणीसाहेब, हे काय?"

"हुकमाची अंमलबजावणी. तुमच्या श्वासातूनही तोच वायू बाहेर पडतो."

"झाडंही सोडतातच की."

"सोडतात. पण दिवसा उन्हात त्याहून कितीतरी जास्त शोषून घेतात आणि त्याचेच आंबे करतात. तुम्ही तर दिवसाही सोडताच. परत कधी घेतलात तेवढं सांगा, गादी आत आणवते."

सज्जात उभे असलेले महाराज हे सगळं ऐकत होते. त्यांनी थोडा वेळ स्वतःचा श्वास रोखून पाहिला आणि मुकाट्याने हुकूम मागे घेतला.