नवरदेवाच्या शेल्याचा दोरा

आमच्या रंगारवाडीत लग्नाला आलात, तर एक प्रकार बघून चकित व्हाल. अक्षता पडण्याआधी रंगाऱ्याच्या घरची एक बाई पुढे येते आणि नवरदेवाच्या शेल्यावर भरलेल्या फुलांचा दोरा ओढते. साखळी टाक्याची फुले सरसर उसवतात. खालचे कापड सगळ्यांनी पाहिले की मगच भटजी तोंड उघडतात. एवढी मेहनत वाया गेली म्हणून पाहुणे हळहळतात. त्यांना येसाई ठाऊक नसते.

येसाई आणि तिचा नवरा सटवाजी लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापत. ठसा तुरटीच्या पाण्यात बुडवून छापला की कापडावर काहीच दिसत नाही. मग ते आल नावाच्या मुळीच्या रंगात उकळायचे. तुरटी जिथे लागली असेल तिथेच तांबडे उमटते.

नागोजी पाटलाला नदीचा उतार हवा होता. रंगारी तिथे कापड धूत, म्हणून सटवाजी आडवा आला. एका संध्याकाळी तो हातातले काम टाकून पाटलाच्या मळ्यात बोलायला गेला, तो परतलाच नाही. देवीचा चांदीचा मुखवटा घेऊन तो पळाला, असे पाटलाने गावभर उठवले. लोकांनी ते खरे मानले. पाणवठ्यावर येसाईला चोराची बायको म्हणत, तिच्या कपाळावरच्या कुंकवाला हसत.

पुढे पाटलाच्या थोरल्याचे लग्न ठरले. बापाच्या खांद्यावरचा शेला मुलाला द्यायची त्या घरची रीत. नागोजीने आपला पांढरा शेला येसाईकडेच छापायला धाडला म्हणे. त्यावर साधा डाग नव्हता, मग त्याला शंका कसली येणार? तिने काठ छापून शेला उकळला, आणि मधोमध एक तांबडा पंजा वर आला. करंगळी अर्धीच. ठसा कोरताना सटवाजीचे ते बोट पटाशीने तुटले होते. तुरटीने भिजलेल्या हातानेच त्याने मरता मरता पाटलाला धरले होते.

येसाई रडली नाही, असे सांगतात. तिने सुईत दोरा ओवला, पंज्यावर दाट फुले भरली आणि शेवटच्या टाक्याला गाठ मारली नाही.

मांडवात सगळा गाव जमल्यावर ती पुढे झाली आणि तिने दोरा ओढला.

"ह्यो पंजा वळखा! चोर म्हनत व्हता ना त्याला? आता इचारा पाटलाला, कुठं गाडलाय माझा मालक!"

नवरीकडचे लोक मुलीला उठवून घेऊन गेले. गावाने मळ्यातली पडकी विहीर उपसली तेव्हा सटवाजीची हाडे निघाली, आणि मुखवटा पाटलाच्या कणगीत.

नागोजी तिच्या पाया पडला. "मला मार, पन माझ्या पोरांना सोड."

"माझ्या पोरांचा बाप तू सोडलास का?" येसाई म्हणाली.

तिने रंगाऱ्यांना देवीची शपथ घातली, त्या घरचे कापड कोणी छापायचे नाही. छापील शेल्याशिवाय आमच्याकडे नवरदेव बोहल्यावर चढत नाही. पाटलाची मुले पांढरे शेले घेऊन तिच्या दारात उभी राहत, आणि ती ते तसेच परत करी. नागोजी पुष्कळ जगला, हे बघायलाच जगला. पोरांचा काय दोष, असे तुम्ही विचाराल. माझे म्हणाल तर बाईने केले ते बेस केले.

आजही शेल्याचा दोरा ओढल्याशिवाय इथे लग्न लागत नाही. नागोजीचे नाव सांगणारे घर मात्र गावात एकही उरलेले नाही.