राजांच्या तोंडाला सुटलेलं पाणी

नागोजीराजांच्या पोटात कळ आली, की सगळा चंदनगड पोट धरून बसायचा! महिना झाला, कळा थांबेनात. वैद्य त्र्यंबकशास्त्रींनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "अंगात शिसं गेलंय, असा संशय आहे. बोटातून दोन थेंब रक्त द्या, महाराज. माझ्या अर्कात काळं पडलं, की खात्रीच!"

"रक्त?" लढाईतला हा वाघ सुई पाहून तक्क्याआड सरकला. "आमच्या रक्ताचा एक थेंब सांडणार नाही!"

दिवाण आबाजीपंत लगेच पुढे सरसावले. "रक्त हवंच कशाला? मुदपाकखान्यातल्या भांड्यांना कल्हई कोण करतो? हसन! कथील महाग, शिसं स्वस्त. त्यानेच मिसळलं असणार!"

झालं! हसन कल्हईवाल्याला मुसक्या बांधून आणलं. मागोमाग त्याची मुलगी जैतून धावत आली. कोळशात काम करून तिचे हात काळे झाले होते, जीभ मात्र लखलखीत होती.

"माझ्या अब्बांनी तीस वर्षं चोख कथील लावलंय, महाराज! ते शिसं त्यांचं नाही!"

"मग कुठलं, ते उद्या दुपारपर्यंत दाखव," राजे गुरगुरले. "पण आमच्या रक्ताला हात न लावता! नाही जमलं, तर तुझ्या बापाचा कडेलोट!"

जैतून तडक वैद्यांच्या घरी गेली. "शास्त्रीबुवा, रक्तातलं शिसं लाळेत उतरतं का हो?"

शास्त्रीबुवांनी शेंडी खाजवली. "उतरतं की! पण जरासंच. अर्क तेज करावा लागेल."

"करा! आणि पन्नास जणांना पुरेल एवढा करा."

दुसऱ्या दिवशी दरबारात प्रत्येकापुढे एकेक वाटी आली. "आज कुणी विडा खाल्ला नाही ना?" जैतूनने विचारलं. "मग थुंका वाटीत!"

राजे कडाडले, "पोरी, आम्ही कुणाच्या हुकमाने थुंकत नाही!"

"हुकूम कसला, महाराज?" म्हणत तिने तिथेच फतकल मारली. ओढणीच्या गाठीतून गाभुळलेली चिंच काढली, तिला मीठ-तिखट लावलं आणि डोळे मिटून मिटक्या मारत चोखू लागली. भालदार आवंढा गिळतोय, चोपदार गिळतोय, आचारी तर ओठच पुसतोय!

"अहो गिळताय काय? वाटी कशाला दिलीय?" जैतून ओरडली.

राजांनी दोन आवंढे गिळले. तिसरा काही आवरेना. शेवटी इकडेतिकडे बघत त्यांनी वाटी हळूच ओठांशी नेली!

शास्त्रीबुवा अर्क टाकत निघाले. भालदाराची वाटी स्वच्छ. राणीसाहेबांची स्वच्छ. दिवसभर चाखत बसणाऱ्या आचाऱ्याचीही स्वच्छ. राजांची मात्र काळी! आणि दिवाणांची? तीही काळी!

"सगळे त्याच भांड्यांतलं जेवतात, महाराज," जैतून म्हणाली. "शिसं कल्हईत असतं, तर पन्नासच्या पन्नास वाट्या काळ्या झाल्या असत्या."

"मग आमच्या दोघांच्याच अंगात ते शिरलं कुठून?"

खरं सांगावं तर राजा चिडणार, न सांगावं तर बाप जाणार. जैतूनने अब्बांकडे पाहिलं आणि मनाचा हिय्या केला.

"महाराज, दरबारात साठी उलटलेले वीस जण आहेत. अठरा जणांच्या मिशा पांढऱ्याशुभ्र. काळ्याभोर दोनच!"

राजांचा हात आपसूक मिशीवर गेला. त्यांनी दिवाणांकडे डोळे वटारले.

"म-महाराज," दिवाण चाचरले, "कलप मीच आणून दिला खरा. पण विकणारा म्हणाला, शिसं घातलं की रंग पक्का बसतो! तो घासागणिक पोटात जाईल, हे कुणाला ठाऊक?"

क्षणभर राजे लालबुंद झाले. मग असे खदाखदा हसले, की तक्क्या गडगडत खाली गेला! "शाबास, पोरी! रक्ताचा थेंब काढला नाहीस, पण आमचं वय मात्र भर दरबारात काढलंस!"

हसनच्या दोऱ्या सुटल्या. त्याच्या हातात सोन्याचं कडं आलं, जैतूनच्या अंगावर शेला आला.

"आणि दिवाणजी," राजे डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या मिशा मुळापासून पांढऱ्या होईपर्यंत तुम्ही हसनचा भाता मारायचा!"