धुराचा मुलगा

नदी जिथे वळते, तिथे एका गावाच्या टोकाला एक कुंभार राहत होता. हात कसबी, मान ताठ. दिवस कलला की तो ओट्यावर बसून हाक मारी, "पोरा, चिलीम पेटवून आण!"

मुलगा चौदा वर्षांचा. चुलीतला निखारा चिलमीवर ठेवायचा आणि विझू नये म्हणून वाटेत एक झुरका ओढायचा.

"अहो, लेकराला कशाला ही सवय?" बायको म्हणे.

"एका झुरक्याने मरत नाही. मीही माझ्या बापाची अशीच पेटवली."

एका संध्याकाळी चिलमीचा धूर वर जाईना. ओट्याच्या कोपऱ्यात साचून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला खांदे फुटले. मग हात. मग मान. वाऱ्याने दारचा पिंपळ सळसळला, तो धूर मात्र जागचा हलला नाही. तोंड तेवढे नव्हते.

इकडे मुलगा फिका पडत चालला. जेवायला हाक मारली तरी येईना. भट्टीमागे एकटाच खोकत बसे.

बापाने कान पिळला. "चोरून ओढतोस? लाज नाही वाटत?"

त्याच क्षणी कोपऱ्यातल्या धुराला नाक, डोळे, तोंड उमटले. हुबेहूब मुलाचे.

त्या संध्याकाळी कुंभाराने हाक मारलीच नाही. तरी कोपऱ्यातून आवाज आला, "बाबा, चिलीम पेटवून आणू?"

आवाज मुलाचा. कुंभाराने दारातून आत पाहिले. मुलगा आईजवळ ओठ मिटून बसला होता, आणि त्याच्या अंगातून मागची भिंत दिसत होती.

चिलीम वाडवडिलांची. कुंभाराने ती ओट्याच्या दगडावर आपटली. तुकडे झाले. धुराने डोळे मिटले.

"पोरा, निखारा मीच आणायला लावला," कुंभार आत येऊन मुलाला म्हणाला. "आजपासून तू नाही, मीही नाही. चल, ताट वाढलंय."

"बाबा, मला तलफ येते."

"मलाही येते. आली की सांग. दोघे माती तुडवू."

धूर एका दिवसात गेला नाही. जेव्हा जेव्हा तलफ येई, तेव्हा बापलेक चिखलात उतरत. कोपरा थोडा थोडा मोकळा होई, मुलाचा चेहरा भरत जाई. कोपऱ्यातल्या भिंतीवर धुराचा काळा डाग मात्र राहिला. कितीदा चुना लावला तरी वर येतो.

तात्पर्य एवढेच: पोराचा कान धरण्याआधी बापाने आपली चिलीम फोडावी, आणि तलफ आली हे सांगायला पोराला घरात जागा ठेवावी.