नगराध्यक्षांच्या घरचं पाणी

आंबेगव्हाणात काविळीने घरटी एकाने अंथरूण धरलं होतं, आणि नगराध्यक्ष अण्णासाहेब थोपट्यांना काळजी होती ती निवडणुकीची. त्यांनी वार्ताहर प्रज्ञा गुंजाळला घरी बोलावून बजावलं, "नळाचं पाणी खराब आहे, असलं छापून लोकांना घाबरवू नका. माझ्याबद्दल चांगलं काहीतरी लिहा. फोटोही टाका."

तेवढ्यात थोपटेवहिनींनी तांब्या-भांडं पुढे केलं. "पाणी कोमट आहे हं, आत्ताच उकळलंय. साथ आल्यापासून नळाचं पाणी उकळल्याशिवाय हे घोटभरही घेत नाहीत."

प्रज्ञा समाधानाने पाणी प्याली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर अण्णासाहेबांचा हसरा फोटो झळकला. वर मथळा होता : 'काविळीच्या साथीत नगराध्यक्षांचा आदर्श. नळाचं पाणी उकळूनच पितात, आपणही उकळा.' खाली पाणी कसं उकळावं आणि दवाखाना कधी गाठावा, हे डॉक्टरांना विचारून दिलं होतं.

अण्णासाहेबांचा फोन आला. "हे काय छापलंत?"

"तुमच्याबद्दल चांगलं छापलंय. खोटं असेल तर उद्या खुलासा छापते. नळाखाली पेला भरून ठेवा, तुम्ही पिताना फोटो काढायला येते."

पलीकडून फोन हळूच ठेवला गेला. दुपारपर्यंत गावात घरोघरी पाण्याची पातेली चढली होती, आणि पालिकेची माणसं कुदळी घेऊन फुटकी जलवाहिनी शोधायला निघाली होती.