लिंबू लावलेला बटाटा

"सर, यात चूक काय आहे, ते तरी सांगा."

गव्हाणे मॅडमनी प्रयोगाचा कागद चौथ्यांदा टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच.

मुजावर सरांनी चष्मा पुसला, लावला आणि कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वरून खालपर्यंत वाचला.

"काही चूक नाही."

"मग तीनदा परत का केलात?"

"काही चूक नाही, म्हणून."

...

मी कोपऱ्यात नववीचे निबंध तपासत बसलो होतो. मी मराठीचा शिक्षक. माझ्या वर्गाची कौलं काढली होती, म्हणून मोकळ्या तासाला प्रयोगशाळेत येऊन बसायचो. विज्ञान मला कळत नाही आणि हे दोघे मला खिजगणतीत धरत नाहीत, त्यामुळे आमचं तिघांचं बरं चाललं होतं.

बशीर मुजावर सर निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. तरी आठवीचे पहिले प्रयोग दर वर्षी तेच घ्यायचे, बिनपगारी. यंदा त्यांना मोजपात्रावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत तुमच्या जागी कोण तयार आहे ते सांगा, नाहीतर सोमवारी या खोलीत मोडकी बाकं येतील. आठवीच्या एकाही मुलाने अजून परीक्षानळी हातात धरली नव्हती.

तयार होण्यासारख्या एकच, सुनेत्रा गव्हाणे मॅडम. एम.एस्सी., विद्यापीठात दुसऱ्या. पहिली आलेली मुलगी नशीबवान होती, असं त्या अजून सांगतात. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण शिकवण्यासाठी पुण्यातली चांगली नोकरी सोडून आल्या होत्या, हेही खरं. ही खोली त्यांना मनापासून हवी होती. तो दिवस शुक्रवार होता.

"करून दाखव," सर म्हणाले.

"आत्ता?"

"कागदावर लिहिलंयस तसंच."

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, सुटले.

त्यांनी वेणी वर बांधली. पदर खोचून पिन लावली. डोळ्यांवर जाड चष्मा चढवला. पाण्याची बादली कुठे आहे, वाळूची कुठे आहे, ते बोटाने दाखवलं. बाटली उचलण्याआधी लेबल मोठ्याने वाचलं. उचलताना लेबल तळहाताखाली धरलं, म्हणजे ओघळ आला तरी अक्षरं पुसायची नाहीत. बूच उलटं ठेवलं. मला यातलं काही कळत नसूनही बघत राहावंसं वाटलं.

सरांनी मान डोलावली. "हात चांगला आहे."

"थँक यू, सर."

"आता बटाटा."

मॅडमनी पिशवीतून डबा काढला. आत बटाट्याच्या फोडी होत्या, एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र. एक फोड त्यांनी बशीत ठेवली. ड्रॉपरमध्ये आयोडीनचं द्रावण घेतलं. मुलांसाठी म्हणून सरांनी ते पाणी घालून पुष्कळ पातळ केलेलं होतं.

"बटाट्यात पिष्ट असतं," मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. जगात मी एकटाच अडाणी उरलो होतो. "पिष्टावर आयोडीन पडलं, की निळाकाळा रंग येतो."

थेंब पडला.

तांबूस थेंब फोडीवर क्षणभर थांबला. मग फिकटला आणि नाहीसाच झाला. फोड पांढरी ती पांढरीच.

...

"होईल," मॅडम म्हणाल्या.

दुसरा थेंब. तोही गेला.

"वेळ लागतो कधी कधी."

तिसरा. चौथा. मी निबंधात डोकं घातलं आणि एकही ओळ वाचली नाही.

"आयोडीन जुनं झालंय, सर. नवी बाटली मागवावी लागेल."

"असं म्हणतेस?"

सरांनी मॅडमच्या हातातून ड्रॉपर घेतला. उजवी बाही पुढे केली. सरांचा सदरा नेहमी पांढरा, खळ घातलेला, इस्त्रीची घडी हाताला बोचेल असा. त्यांनी मनगटावरच्या पट्टीवर एक थेंब सोडला.

पट्टीवर निळाकाळा डाग पसरला. चांगला रुपयाएवढा.

"सर! सदरा..."

"खळ तांदळाची आहे," सर म्हणाले. "घरी बनवतात."

आता घरी काय सांगणार, हा विचार माझ्या मनात आला. सरांच्या आला नसावा.

मॅडम डागाकडे बघत राहिल्या. मग बशीकडे. मग परत डागाकडे.

"म्हणजे आयोडीन चांगलं आहे."

सरांनी ड्रॉपर बाटलीजवळ ठेवला.

"मग या बटाट्यात पिष्टच नाही?" मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी परत निबंध उघडला.

मॅडम स्टुलावर बसल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "बाटली तीच, थेंब तोच. बाहीवर रंग आला, फोडीवर आला नाही... म्हणजे फोडीला काहीतरी झालंय. मी काय केलं फोडीला?"

सरांनी एक पाऊल मागे घेतलं.

"धुतली. चिरली. आणि..." त्यांचा हात कपाळावर गेला. "लिंबू."

"काय लिंबू?"

"लिंबू चोळून आणल्या, सर. फोडी काळ्या पडतात ना. मोठ्या बाई बघायला येतील असं वाटलं होतं. काळपट बटाटा बरा दिसला नसता."

मी तोंडावर हात ठेवला. पोहे करायला निघाल्यासारखी तयारी करून आल्या होत्या बाई. पण त्यांचा चेहरा बघितला आणि हसू विरून गेलं.

डब्यात तळाशी एक अख्खा बटाटा होता. मॅडमनी तो कापला. अर्ध्या भागाला काहीच लावलं नाही. उरलेल्या अर्ध्यावर डब्यात उरलेली लिंबाची फोड घासली. सुरी मधेच धुतली, पुसली. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या बशीत ठेवले. त्याच बाटलीतून एकेक थेंब. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कागदावरही नव्हतं.

एक तुकडा निळाकाळा झाला. दुसरा पांढराच राहिला.

"लिंबाने खाल्लं आयोडीन," मॅडम म्हणाल्या. आवाजात इतका आनंद होता, की मला आठवीतल्या मुलीचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं.

लगेच त्या भानावर आल्या. डबा उचलून कचऱ्याच्या टोपलीकडे निघाल्या. "सोमवारी लिंबू लावणार नाही, सर. मग सगळं बरोबर येईल."

सर आडवे आले नाहीत. त्यांनी फक्त तो कागद उचलला आणि एका ओळीवर बोट ठेवून त्यांच्यासमोर धरला.

'निरीक्षण : फोडीवर निळाकाळा रंग दिसला.'

"हे कधी बघितलंस?"

मॅडम थांबल्या.

"हे... लिहिताना, सर."

"म्हणजे कधी?"

"बुधवारी रात्री."

"बटाटा कधी आणलास?"

"...आज सकाळी."

प्रश्न साधाच होता, पण बाईंचं तोंड एवढंसं झालं. एम.एस्सी.पर्यंतच्या साऱ्या वह्या त्यांना आठवत असणार. आपण सगळ्यांनी त्या तशाच भरल्या आहेत. निरीक्षण घरी, शाईने, खाडाखोड न करता, आणि प्रयोग जमला तर दुसऱ्या दिवशी. माझ्याही शाळेच्या वहीला दहापैकी दहा होते. मला उगाचच माझी लाज वाटली.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

"मी तयार नाही म्हणून सांगा मोठ्या बाईंना," त्या म्हणाल्या. "मुलांचं नुकसान व्हायला नको."

सरांनी त्यांच्या हातातून डबा घेतला. झाकण लावलं आणि परत टेबलावर ठेवला.

"मोठ्या बाईंना सांग, बाकं दुसरीकडे ठेवा म्हणावं."

मॅडमना ते समजायला थोडा वेळ लागला. मलाही लागला.

"सोमवारी मी?"

"तूच."

"मग फोडी कोणत्या आणू, सर? लिंबू लावलेल्या, की साध्या?"

"दोन्ही."

"कोणती कुठली, ते मुलांना सांगायचं?"

सरांनी मान हलवली. नाही.

मॅडमनी कागद घेतला. निरीक्षणापासून खालचा भाग दुमडला, दुमडीवर नख फिरवलं आणि फाडून काढला. अर्धाच कागद उरला. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पण सर, चाळीस मुलं आहेत. ती विचारणारच. बाई, कोणता रंग यायला पाहिजे?"

सर नळाखाली हात धूत होते. बाहीवरचा डाग भिजू नये म्हणून त्यांनी पट्टी वर सरकवली.

"सांग, मीही अजून बघितलेला नाही."