सात मुशी, एकच हात

परवा मला रात्रभर झोप लागली नाही, आणि कारण सांगायला लाज वाटावी इतकं लहान होतं. एक बटण.

आमची ऋजुता पाच वर्षांची आहे. गणवेशाची बटणं तिने स्वतः लावली. पहिलंच चुकलं, त्यामुळे खालपर्यंत सगळी चुकली. मी हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. "माझं मी!" तशीच एका खांद्यावर वर, एका खांद्यावर खाली अशी ती शाळेत गेली. दप्तरही तिनेच भरलं होतं. वह्यांच्या डोक्यावर पाण्याची बाटली, डबा आडवा. ती बूट शोधायला गेली तेवढ्यात मी ते उपसून नीट भरलं. एवढं तर कोणतीही आई करते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "केवढी स्वावलंबी आहे हो!" आणि नेमकं तेच कौतुक मला रात्री झोपू देईना. कॉलेजात असताना शोकांतिकेवर मी एक टिपण लिहिलं होतं. नायक वाईट नसतो, त्याच्यात दोष एकच असतो, आणि तो त्याच्या गुणाच्याच पोटी जन्म घेतो, असं काहीतरी. दहापैकी सहा मिळाले. बाईंनी लाल शाईने शेरा मारला होता, 'उदाहरण द्या.' तेव्हा सुचलं नव्हतं. परवा छताकडे बघता बघता सुचलं, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी मी ते लेकीला सांगितलं. पाच वर्षांच्या मुलीला सांगावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लहानांनी ते गोष्ट म्हणून ऐकावं. मोठ्यांनी कसंही ऐकावं.

तर, नद्यांना अजून पूल ठाऊक नव्हते आणि जनावरं माणसांशी बोलणं कमीपणाचं मानत नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

एका नदीच्या काठी एक गाव होतं, आणि गावात एक ओतारी राहत होता. काशाचा धातू वितळवून रस करायचा, साच्यात ओतायचा आणि त्यातून समया, तांबे, बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढायच्या, हे त्याचं काम. त्याची समई जमिनीवर ठेवली की डुगडुगत नसे. त्याच्या तांब्यातून पाणी कधी झिरपलं नाही. 'ओताऱ्याच्या हातचं' असं नुसतं म्हटलं, की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे.

याचं गुपित साधं होतं. तो कुणाला हात लावू देत नसे. साच्याची माती चाळायला एक बाई येई. ती पाठमोरी झाली, की ओतारी तीच माती पुन्हा चाळी. बायकोने भाकरी वाढली, की ती उलटी करून खालून बघे.

"बघा, बघा," बायको म्हणे. "करपलीय का, कच्ची आहे का, नीट बघा. लग्नाला बारा वर्षं झाली, एकदा तरी सापडली का?"

"नाही सापडली."

"मग?"

"मग काय? बघितल्याशिवाय कसं कळणार?"

ती कपाळाला हात लावी. पण नदीवर शेजारणींनी नवऱ्याची टिंगल केली, तर तीच उसळून म्हणे, "माझा माणूस वेडा असेल. पण त्याच्या हातचं कधी खोटं निघत नाही."

त्याच्याकडे एक गाढव होतं. ते माती वाही, भाते ओढी आणि खरं बोले. त्यामुळे त्याला गाढव म्हणत.

एका वर्षी नदीला पूर आला. टेकडीवरच्या पहारेकऱ्याने नगारा वाजवला, पण पावसाने चामडं भिजलेलं होतं, आवाजच फुटला नाही. खालच्या आळीतली माणसं झाडांवर चढून कशीबशी वाचली. तेव्हा राजाने ओताऱ्याला बोलावलं.

"टेकडीवर घंटा हवी. पाणी वळणावर दिसलं, की ती वाजेल आणि खालची आळी वर येईल. एवढी मोठी घंटा आजवर झालेली नाही. जमेल?"

"जमेल, महाराज."

घंटा सात मुशींची होती. मूस म्हणजे रस वितळवायचं मातीचं भांडं. आता त्या गावची एक रीत होती. मोठं ओतकाम असलं, की सात माणसांनी सात मुशी धरून ओळीने उभं राहायचं. पहिल्याची धार बारीक झाली, की दुसऱ्याने सुरू करायची. मध्ये श्वासाचंही अंतर पडू द्यायचं नाही. आणि ज्याने साचा केला, त्याने त्या दिवशी मुशीला शिवायचं नाही. त्याने रिकाम्या हातांनी उभं राहायचं, धार बघायची आणि वेळेला फक्त 'हं' म्हणायचं.

आजवर ओताऱ्याने एका मुशीचीच कामं केली होती. या रिवाजाशी त्याची गाठ पहिल्यांदाच पडत होती.

सात जणांतला सर्वांत म्हातारा त्याला भेटायला आला. "उद्याचा मुहूर्त आहे ना? मी तयार आहे. तुझ्या बापाच्या वेळी तिसरी मूस माझी होती."

ओताऱ्याने त्याच्या हातांकडे पाहिलं. हात किंचित थरथरत होते.

"या उद्या," तो म्हणाला. आणि तो गेल्यावर स्वतःशीच म्हणाला, 'याचा हात हलला तर? दुसऱ्याचं लक्ष उडालं तर? माझा साचा तीन महिन्यांचा आहे.'

त्या दिवशी गावाचा बाजार होता. दुपारी सगळे तिकडे गेले. ओताऱ्याने सातही भट्ट्या पेटवल्या, भात्यांना गाढव जुंपलं आणि पहिली मूस सांडशीत धरून उचलली.

पहिली ओतली. दुसरी ओतली. तिसरी ओतली, कुठे थेंब सांडला नाही. चौथीला हात भरून आले. सांडशी घसरली, त्याने ती पुन्हा पकडली. चार श्वास गेले असतील. तेवढ्यात साच्यातल्या रसावर साय धरली, तापल्या दुधावर धरते तशी.

"मालक," गाढव म्हणालं, "धार तुटली."

"गप्प रे. तू गाढव आहेस."

"आहेच. पण धार तुटली."

त्याने उरलेल्या चार मुशी ओतल्या. गाव बाजारातून परतलं, तेव्हा काम उरकलेलं होतं. जे सहाजण आणि म्हातारा दुसऱ्या दिवशी नव्या पंच्या-उपरण्यांत येणार होते, ते आपापल्या घरी राहिले. कुणी भांडलं नाही. म्हातारा एवढंच म्हणाला, "पंचा उगाच धुतला."

साचा फोडला. घंटा देखणी होती. फक्त पोटावर, सगळीकडून गोल फिरलेली, केसाएवढी एक रेघ होती. तिच्या वरची घंटा आणि तिच्या खालची घंटा एकमेकींना चिकटल्या होत्या, मिसळल्या नव्हत्या.

अजून वेळ गेली नव्हती. घंटा वितळवून पुन्हा ओतता आली असती. पण त्यासाठी सात माणसांच्या दारी जावं लागलं असतं. ओताऱ्याने कानस घेतली, रेघ घासली, चिंचेने चकचकीत केली आणि तिच्यावर नक्षीची एक वेल कोरली. लोक बघायला आले, तेव्हा त्यांना सगळ्यांत जास्त ती वेलच आवडली.

म्हाताऱ्याने बोटाच्या पेराने घंटेवर टकटक केलं आणि कान लावला. "बोलते बरी. पण पोटात काहीतरी ठेवून बोलते."

"आजोबा, तुमचे कान म्हातारे झाले."

"झाले असतील बाबा. सगळंच झालंय."

घंटा टेकडीवर चढली. राजाने पहारेकरी नेमला, तर ओतारी पुढे आला. "घंटा माझी आहे. दुसऱ्याचा हात नको. मीच वाजवीन." लोकांना ही निष्ठा वाटली. त्याने लाकडी हातोडा घेतला, अलगद एक टोला दिला, आणि आवाज गोड निघाला. किती हळू मारायचं, ते त्याच्या एकट्याच्याच हाताला माहीत होतं.

तो टेकडीवर झोपडी बांधून राहू लागला. गाढवही तिथेच. बायको खालच्या आळीत, घरी. रोज दुपारी ती भाकरी घेऊन वर यायची.

एक दिवस तो जेवता जेवता थांबला. "अगं..."

"काय?"

त्याने घंटेकडे पाहिलं. वेलीकडे पाहिलं.

"मीठ जास्त झालंय."

"अगंबाई! इतक्या वर्षांत सापडलं एकदाचं!" ती पोट धरून हसली आणि टोपली उचलून खाली गेली. मीठ बेताचंच होतं.

दोन पावसाळे पूर आला नाही. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात, चांगलं ऊन पडलेलं असताना, दूरच्या डोंगरांवर आभाळ काळं झालं. खाली गावात एक थेंब नव्हता. बायका अंगणात वाळवण घालून बसल्या होत्या. ओताऱ्याला मात्र वरून दिसलं. लांबच्या वळणावर पाणी भिंतीसारखं येत होतं, आणि त्यात आख्खी झाडं होती.

त्याने हातोडा घेतला आणि टोला दिला. अलगद.

वारा उलटा होता. खाली एकाही माणसाने मान वर केली नाही.

"मालक, जोरात," गाढव म्हणालं.

"जोरात मारली तर फुटेल."

"मग मी खाली जाऊन ओरडतो."

"गाढवाचं कोण ऐकणार? थांब. जमेल मला. मला माहितीये किती मारायची ते."

त्याने पुन्हा टोला दिला, पहिल्यापेक्षा गव्हाभर जास्त. मग आणखी एक, आणखी गव्हाभर. तेवढ्यात पाण्याने दुसरं वळण घेतलं. तेव्हा कुठे त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि सगळा जीव एकवटून घाव घातला.

माठ फुटावा तसा आवाज झाला. घंटा बरोबर वेलीवर दुभंगली. खालचा अर्धा भाग गडगडत गेला आणि गवतात पडला.

गाढव हुकमासाठी थांबलं नाही. उतारावरून सुटलं ते आळीआळीतून ओरडत फिरलं. पोरं हसली. एका बाईने लाटणं फेकून मारलं. पण म्हातारा उंबऱ्याबाहेर आला. "हे टेकडीवरचं गाढव आहे. मालकाला सोडून कधी खाली येत नाही. उठा रे, उठा!" माणसं लेकरं काखेत मारून टेकडीकडे धावली.

म्हातारा ओताऱ्याच्या दारात थांबला. त्याची बायको सुपात डाळ पाखडत बसली होती.

"चल ग पोरी, पूर आलाय!"

तिने स्वच्छ आभाळाकडे पाहिलं आणि हसली. "काहीतरीच काय, आजोबा! पूर असता तर घंटा नसती का वाजली? वर माझा माणूस बसलाय. त्याच्या हातचं कधी खोटं निघत नाही. तुम्ही व्हा पुढे. एवढी डाळ होऊ दे, मग येतेच भाकरी घेऊन."

म्हाताऱ्याने पुन्हा हाक मारली. मग पाण्याचा आवाज ऐकू आला, आणि हाक मारायला वेळ राहिला नाही.

संध्याकाळी टेकडीवर माणसं मोजली. सगळी आळी होती. एक कमी होतं.

राजाने ओताऱ्याला शिक्षा दिली नाही. द्यायला काही शिल्लक नव्हतं. त्याने पुन्हा साचा केला नाही, सांडशी धरली नाही. कुणी जेवायला वाढलं, तर भाकरी उलटी न करता खाई.

पुढच्या वर्षी गावाने घंटेचे दोन्ही तुकडे वितळवले. साचा दुसऱ्या गावच्या ओताऱ्याने केला, पण ओतायच्या दिवशी तो तापाने पडला. तेव्हा म्हातारा आपल्या ओताऱ्याच्या झोपडीत गेला. "चल. कुणीतरी 'हं' म्हणायला हवं."

सात माणसं ओळीने उभी राहिली. म्हाताऱ्याचे हात आता चांगलेच थरथरत होते. तिसरी मूस त्याचीच होती. ओतारी रिकाम्या हातांनी उभा राहिला आणि वेळेला 'हं' म्हणत गेला. धार कुठेही तुटली नाही. ती घंटा पुढे पुष्कळ वर्षं वाजली. तिच्यावर वेल नव्हती.

तात्पर्य: ज्याला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, त्याच्या हातावर विसंबलेलं माणूसच आधी बुडतं.

गोष्ट संपली. मी मनात म्हटलं, पोचलं. बाईंनी आता नक्की आठ दिले असते. मग ऋजुताने माझ्याकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "मी भरलेलं दप्तर तू परत का भरतेस?"